दात आवळून शिकवलेले हसू

डॉ. कंचनताई मुथियान यांची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली आणि त्या मुलाखतीत मी सपशेल नापास झालो होतो.

फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी नुकताच बदनापूरला घरी परतलो होतो. जालन्यात जुन्या मोंढ्यामागे ताईंचे कान-नाक-घशाचे रुग्णालय आहे आणि तिथे फिजिओथेरपिस्ट हवा आहे, असे कुणीतरी सांगितले. गुडघे आणि कंबरा चालत्या करणाऱ्या माणसाचे कान-नाक-घशाच्या दवाखान्यात काय काम, हा प्रश्न मनात घेऊनच मी गेलो. ताईंनी माझी प्रमाणपत्रे न उघडताच बाजूला सारली, खणातून एक आरसा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फक्त डाव्या बाजूने हसून दाखवा. उजवी बाजू हलता कामा नये."

मी हसलो. दोन्ही बाजू हलल्या.

"आता एकच भुवई उचला."

दोन्ही भुवया वर गेल्या. पाच-सात मिनिटे मी त्या आरशात वेडीवाकडी तोंडे करत होतो आणि ताई अगदी गंभीरपणे बघत होत्या. शेवटी त्यांनी आरसा परत घेतला. "तुमचा चेहरा धडधाकट आहे, तरी जमत नाही. ज्याची नसच मेली त्याला किती दिवस लागतील? तेवढे दिवस त्याच्यासमोर न चिडता बसाल का?"

मी "हो" म्हणालो.

"बघू," त्या म्हणाल्या. "सोमवारी या."

त्या 'बघू'ला आता चौदा वर्षे झाली. ताईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शस्त्रक्रियांविषयी लिहावे, असे समितीने मला कळवले तेव्हा मी आधी नकारच दिला. मी शल्यचिकित्सक नाही. त्यांचे काम संपते तिथे माझे सुरू होते. पण ताईंनी टाके घातलेले चेहरे पुढे महिनोन् महिने माझ्या आरशासमोर बसतात, आणि त्या चेहऱ्यांकडून ताईंविषयी जे कळते ते इतर कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तेवढ्या अधिकारावर हे लिहितो आहे.

ज्या आजारासाठी ताईंचे नाव आज मराठवाड्यात घेतले जाते, त्याला आपल्याकडे 'वारं गेलं' म्हणतात, 'लकवा मारला' म्हणतात. माणूस सकाळी उठून चूळ भरायला जातो आणि पाणी एका बाजूने ओघळते. चेहऱ्याची अर्धी बाजू ढिली पडलेली असते. याची कारणे अनेक. त्यांतले एक फार चिवट, ते म्हणजे कानातली नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षे निजून राहतो. पुढे कधीतरी तो उठतो आणि अंगावर पट्ट्याने फोड येतात, ती नागीण. हीच कानात उठली तर चेहऱ्याची नस तिच्या तावडीत सापडते. ही नस कानाच्या हाडातल्या अरुंद बोळातून बाहेर येते. सुजली की तिला पसरायला जागाच नसते. ताई पेशंटला हे समजावताना स्वतःच्या हातातली बांगडी दाखवतात. "हात सुजला तर बांगडी निघते का? उलटी रुतत जाते. तुमच्या नसेला हाडाची बांगडी आहे."

पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झाले तर पुष्कळ चेहरे सावरतात. अडचण अशी, की आमच्याकडे हे दोन-तीन दिवस नागीण उतरवणाऱ्यांकडे जात. जाफराबाद तालुक्यात असे एक वयोवृद्ध गृहस्थ होते, दगडूबाबा. त्यांच्याकडे दूरदूरहून लोक येत. आम्ही तरुण मंडळी दवाखान्यात बसून त्यांच्या नावाने बोटे मोडायचो. ताईंनी एका रविवारी गाडी काढली आणि त्या थेट दगडूबाबांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी सोबत होतो. भांडण होणार, अशी माझी खात्री होती.

ताई म्हणाल्या, "बाबा, लोकांचा तुमच्यावर भरवसा आहे, माझ्यावर न्हाई. तुम्ही तुमचं करा, मी मधी येत न्हाई. पण कानात फोड अन् तोंड वाकडं, असा माणूस दिसला की त्याच दिवशी माझ्याकडं लावून द्या. तुमचा शब्द त्यो मोडणार न्हाई."

म्हातारबाबांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "अन् तुमच्याकडून बरा झाला, तर नाव कोणाचं?"

"तुमचंच. मला नाव नको, चेहरा पायजे."

दगडूबाबा हसले. त्यानंतर त्यांच्याकडून येणारा पेशंट एसटीतून उतरला की आल्या आल्या सांगे, "बाबानं पाठवलं. बोलले, आजच्या आज जाय." मारवाडातून चार पिढ्यांपूर्वी जालन्यात येऊन बियाण्याच्या व्यापारात स्थिरावलेल्या घरातल्या, घरी राजस्थानी बोलणाऱ्या ताई, समोर जसा माणूस तशी मराठी बोलतात. ती त्यांनी प्रयत्नाने कमावलेली नाही. वडिलांच्या दुकानाच्या पायरीवर बसून लहानपणी त्या गावागावांच्या गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकत, तिथूनच ती आली.

मात्र सगळेच वेळेवर पोचत नाहीत. बिराजी खरात आठ महिन्यांनी आले.

बिराजीभाऊंचे गाव टेंभुर्णीच्या पुढे. घराणे मेंढपाळांचे, भाऊ अजूनही मेंढरे राखतो. बिराजीभाऊ मात्र तरुणपणीच जालन्याला आले आणि एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये लागले. भट्टीतून निघालेली लालभडक सळई रुळांवरून सापासारखी धावत येते, तिथे उभे राहून ती चिमट्याने वळवण्याचे त्यांचे काम. त्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही. सळई उसळली की बिराजीभाऊ दोन बोटे तोंडात घालून शिटी मारत, मेंढरे वळवायला वडिलांनी शिकवलेली, आणि सगळी माणसे मागे सरत. त्यांच्या पाळीतली माणसे त्या शिटीवर विसंबून होती.

एका हिवाळ्यात त्यांच्या उजव्या कानात ठणका लागला, फोड आले, चक्कर येऊ लागली आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्याची उजवी बाजू गेली. त्यांनी आधी कानात थेंब घातले, मग गावाकडे जाऊन राहिले, मग कुणी तेल सांगितले, कुणी शेक सांगितला. "आपोआप जातं" असे एका डॉक्टरांनीही सांगितले होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते, अनेकांचे जाते. बिराजीभाऊंचे गेले नाही.

ते आले तेव्हा गळ्यातल्या गमछ्याने अर्धे तोंड झाकलेले होते. ताईंनी गमछा बाजूला केला आणि चेहऱ्याआधी डोळा बघितला. पापणी मिटत नव्हती. मिलमधली धूळ आणि लोखंडाची कुसळे आठ महिने उघड्या डोळ्यात जात होती. बुबुळावर जखम होती.

"भाऊ, चेहऱ्याचं नंतर बघू. डोळा आज वाचवायचा," ताई म्हणाल्या. त्याच दुपारी त्यांनी डोळ्याच्या कडेला दोन पापण्या थोड्या शिवून टाकल्या, म्हणजे डोळ्याची फट कमी झाली आणि बुबुळ झाकले गेले. नेत्रतज्ज्ञांना बोलावून जखमेचे औषध सुरू केले. डोळा वाचला.

चेहऱ्याचा प्रश्न कठीण होता. नसेची तपासणी करून आणली. स्नायूंत अजून धुगधुगी होती, पण नस त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. अशा वेळी एक रस्ता असतो. गालातल्या चावण्याच्या स्नायूला जाणारी नस निरोगी असते; तिची एक फांदी काढून चेहऱ्याच्या मेलेल्या नसेला जोडायची. चावण्याला फारसा फरक पडत नाही आणि चेहऱ्याला नवा मालक मिळतो. पण हे वर्ष-दीड वर्षाच्या आत करावे लागते. त्यानंतर स्नायू वाळतो आणि मग त्याला कितीही चांगली नस जोडली तरी तो उठत नाही. आठ महिने तर गेलेच होते.

ताईंनी चिठ्ठी देऊन त्यांना मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात पाठवले. चौथ्या दिवशी बिराजीभाऊ परत दारात. मिळालेली तारीख इतकी लांबची होती, की तोवर स्नायू उरलाच नसता. ताईंनी दुसरीकडे फोन केले, तिसरीकडे केले. सगळीकडे रांग. त्यांनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "भाऊ, मला ही शस्त्रक्रिया येत नाही. म्हणून या माणसाचा चेहरा जाणार. हे बराबर आहे का?"



वयाची पन्नाशी केव्हाच उलटलेली, जिल्ह्यात नाव झालेले, ओपीडीत बसायला जागा नाही. अशा वेळी ताईंनी दवाखाना सहकाऱ्यांवर सोपवला आणि त्या शिकायला गेल्या. कुणाकडे? डॉ. इम्रान शेख यांच्याकडे. हे इम्रानभाई पूर्वी ताईंच्याच हाताखाली शिकाऊ डॉक्टर होते. पुढे त्यांनी पुण्यात सूक्ष्मशस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळवले; त्यांच्या रुग्णालयातही तीच लांब रांग होती. तिथे सहा आठवडे ताई त्यांच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. इम्रानभाईंनी मला नंतर सांगितले, "पहिल्याच दिवशी मॅडम मला 'सर' म्हणाल्या. मला घाम फुटला. म्हटलं, मॅडम, असं नका करू. तर म्हणाल्या, 'तुम्ही शिकवताय, मी शिकतेय. दवाखान्यात परत गेल्यावर बघू कोण कोणाला काय म्हणतं.'"

आणि मग सराव. ही गोष्ट ताईंनी कुणाला सांगितलेली नाही. मी त्यांची परवानगी मागितली. त्या नुसते "तुम्ही ऐकणार थोडेच" म्हणाल्या, म्हणून लिहितो. केसाहून बारीक धाग्याने नस शिवण्याचा हात बसवायला जगभर कोंबडीच्या मांडीतल्या नसांवर सराव करतात. ताई जैन घरातल्या. कांदा-लसूणही त्यांच्या स्वयंपाकघरात येत नाही. पुण्याहून परतल्यावर आठ दिवस त्या हातमोज्याच्या रबरावर, फुलांच्या पाकळ्यांवर टाके घालत राहिल्या. नवव्या दिवशी मला म्हणाल्या, "पाकळी फाटली तर दुसरी मिळते. याने हात तयार होणार नाही. तुम्ही बाजारातून आणून द्याल का?"

दवाखान्यामागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडला. रोज दुपारी ताई तिथे दोन तास बसत आणि अंघोळ करून मगच घरी जात. त्या काळात रोज त्या एकासना करीत, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवण. कुणी सांगितले म्हणून नव्हे. ज्या जिवावर हात शिकतो आहे त्याचे ऋण म्हणून. त्यांच्या आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. त्यांना कळले तर काय, ही धास्ती ताईंना होती. आईंना कळलेच. एका दुपारी त्या रिक्षाने दवाखान्यात आल्या, मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. विचारले, "याने त्या माणसाचं तोंड सरळ होईल?"

"माहीत नाही, आई. पण याच्याशिवाय तर नाहीच होणार."

"मग पूर्ण शिक," त्या म्हणाल्या. "अर्धवट शिकलीस तर दोन्हीकडचं पाप लागेल." आणि त्याच रिक्षाने परत गेल्या. त्या दिवसापासून ताईंच्या एकवेळच्या ताटात काय वाढायचे ते आई स्वतः बघू लागल्या.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ताईंनी बिराजीभाऊंना समोर बसवून सगळे सांगितले. यश येईलच असे नाही, हे सांगितले. हालचाल आलीच तर चार-सहा महिन्यांनी येईल आणि सुरुवातीला दात आवळल्याशिवाय हसू येणार नाही, हेही सांगितले.

बिराजीभाऊंनी विचार केला. "मंग राग आल्यावर दात खाल्ले तरी हसू येईन का?"

"येईल."

"म्हंजी मुकादमावर दात खाऊन राह्यलो, अन् त्याला वाटन खुशीत हाये!"

ताईंसकट सगळे हसले. बिराजीभाऊही हसले, अर्ध्या तोंडाने.

शस्त्रक्रियेला इम्रानभाई पुण्याहून आले, पण समोरच्या बाजूला, मदतनीस म्हणून उभे राहिले. ताईंनी मलाही आत बोलावले. "ज्या नसेवर तुम्ही सहा महिने काम करणार, ती एकदा डोळ्यांनी बघा." मी सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या भिंगातून पाहिले. दोन पांढुरकी टोके होती, शिवणाच्या दोऱ्याएवढी. ताईंचा हात येत होता, जात होता, आणि प्रत्येक टाक्यानंतर त्या श्वास सोडत होत्या. शेवटचा टाका बसल्यावर इम्रानभाई म्हणाले, "मॅडम, यात मला काही सुधारता येणार नाही." ताईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "आता याच्यापुढचं आपल्या हातात नाही." त्याच बैठकीत त्यांनी वरच्या पापणीत सोन्याचा एक इवलासा पत्रा बसवला, म्हणजे त्याच्या वजनाने पापणी खाली येते आणि डोळा मिटतो. शुद्धीवर आल्यावर हे कळताच बिराजीभाऊ बायकोला म्हणाले, "तुला करायचं म्हणत होतो, त्ये माह्याच डोळ्यात घातलं गं!"

मग माझे काम सुरू झाले. आरसा, दात आवळणे, सोडणे. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. एक महिना. दोन. तीन. आरशात काहीच दिसत नव्हते. त्यांचे मन राखायला मी एकदा म्हणून गेलो, "भाऊ, होईल, नक्की होईल." ताई दारात उभ्या होत्या. सगळ्या पेशंटांसमोर त्या माझ्यावर कडाडल्या, "'नक्की' हा शब्द आपल्या दवाखान्यात नाही! ज्याला नक्की सांगतो, त्याला नाही झालं तर तोंड कुठे लपवाल?" मी फार दुखावलो. दुसऱ्या दिवशी त्याच पेशंटांसमोर, त्याच जागी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "काल मी बोलले ते बरोबर होतं, पण जागा चुकली. माफ करा, भाऊ." इतकी वर्षे त्यांच्यासोबत काम करतो आहे, त्यांचा आवाज चढतो, हे इथे लपवण्याचे कारण नाही. पण चढलेला आवाज खाली आणायला त्या स्वतः येतात.

चौथा महिना सरला आणि बिराजीभाऊ यायचे बंद झाले. फोन उचलेनात. खोलीवर गेलो तर कुलूप. शेजाऱ्याने सांगितले, गावाकडे गेले. मी ताईंना कळवले. पेशंटने उपचार सोडले तर डॉक्टर काय करणार, असे कुणीही म्हटले असते. ताई म्हणाल्या, "रविवारी जाऊ."

टेंभुर्णी ओलांडून, विचारत विचारत आम्ही पोचलो तेव्हा सकाळ सरत आली होती. हरभरा काढलेल्या मोकळ्या रानात मेंढरे बसवली होती. बिराजीभाऊ, त्यांचा भाऊ आणि आई मुक्ताबाई तिथेच होते. आम्हाला बघून बिराजीभाऊंनी गमछा पुन्हा तोंडावर ओढला.

"कशाला आल्या, मॅडम? चार महिने आरशात बघून राह्यलो. दगड बी घासला असता तर गुळगुळीत झाला असता. मला आता माह्या तोंडाचा वीट आला."

"मी रागवायला नाही आले, भाऊ," ताई ढेकळांतच बसत म्हणाल्या. "सकाळी लवकर निघाले. भूक लागलीय."

एवढ्यावर मुक्ताबाई उठल्या. फडक्यात बांधलेली भाकरीची चवड आणि लसणाची चटणी पुढे आली. ताई लसूण खात नाहीत म्हटल्यावर त्यांच्या भाकरीवर गुळाचा खडा आला. सगळे जेवायला बसले.  भाकरी कालची होती, चिवट. बिराजीभाऊ खाली मान घालून चावत होते, आणि घास सांडू नये म्हणून त्यांनी गमछा काढून ठेवला होता.

मुक्ताबाई समोर बसल्या होत्या. त्यांचा हात मध्येच थांबला.

"थांब रं," त्या म्हणाल्या. "परत चाव."

"काय झालं?"

"चाव म्हनते ना!"

बिराजीभाऊंनी दात आवळले.

"व्हट हाललं!" मुक्ताबाई ओरडल्या. "बाई, ह्याचं व्हट हाललं! हिकडचं! मरेल व्हतं त्ये!"

ताईंच्या हातातली भाकरी कुठे गेली कळले नाही. त्या गुडघ्यांवर सरकत पुढे गेल्या, बिराजीभाऊंच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "आवळा. सोडा. आवळा. सोडा." मीही वाकून बघत होतो. ओठाचा कोपरा, गव्हाच्या दाण्याएवढा, वर जात होता आणि खाली येत होता. सांगू तेव्हा जात होता, सांगू तेव्हा येत होता. दोन नसांची गाठ पडली होती.

मी पिशवीतून आरसा काढून बिराजीभाऊंच्या हातात दिला. त्यांनी बघितले. पुन्हा दात आवळले. पुन्हा बघितले. मग त्या दणकट माणसाने आरसा मांडीवर पालथा घातला आणि आईच्या खांद्यावर डोके टेकले. त्यांचा भाऊ मेंढरांकडे तोंड करून मोठमोठ्याने काहीतरी ओरडत होता. काय ते त्यालाही सांगता आले नसते. ताई उठल्या, आमच्याकडे पाठ करून बांधापर्यंत चालत गेल्या आणि तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या त्या रागावतच, "डोळ्यात थेंब घालायचे सोडले ना? डोळा लाल दिसतोय! उद्या सोमवार आहे, सकाळी दवाखान्यात पायजे तुम्ही."

सोमवारी सगळ्यांच्या आधी बिराजीभाऊ हजर होते.

वर्षाच्या आत त्यांचे हसू भरले. दात आवळण्याची गरजही हळूहळू कमी झाली, कारण मेंदू नवी वाट शिकतो. ते मिलमध्ये परतले; भट्टीवर नव्हे, तर बाहेरच्या अंगणात, ट्रकवर सळया चढवताना क्रेनवाल्याला इशारा देण्याच्या कामावर. तिथे लोखंडी शिटी ओठांत धरून वाजवावी लागते. आधी त्यांच्या ओठांतून वारा निसटून जाई. आता ती शिटी रस्त्यावरही ऐकू येते.

जालन्यात ही बातमी पसरली तेव्हा एका स्थानिक पत्राचे वार्ताहर आले. त्यांनी 'चमत्कार' असा मथळा ठरवूनच आणला होता. ताई म्हणाल्या, "लिहा, पण सगळं लिहा. भुवई उचलत नाही. त्या कानाने कमीच ऐकू येतं. दोन बोटं घालून मारायची शिटी परत आलेली नाही. हे तीन लिहिणार असाल तरच हसू आलं हे लिहा." वार्ताहर म्हणाले, मग बातमीत मजा राहत नाही. ताई म्हणाल्या, "पुढचा पेशंट तुमची बातमी वाचून माझ्याकडं येणार आहे. त्याला मी फसवू का?" बातमी छापून आली, तिन्ही उणिवांसह. आणि मला हे अभिमानाने सांगायचे आहे, की ती वाचूनच परभणीहून, बुलढाण्याहून, अगदी तेलंगणाच्या हद्दीवरून माणसे येऊ लागली, तीही वेळेत. आज चेहऱ्याच्या नसेची ही जोडणी जालन्यात होते, त्यासाठी कुणाला शहराच्या रांगेत आपला चेहरा वाळू द्यावा लागत नाही. ताईंनी हाताखालच्या डॉक्टरांना तयार केले आहे, आणि आता तेही टाके घालतात. मागची ती खोली अजून आहे. तिथे सरावाला बसणाऱ्यांना ताईंचा एकच नियम आहे. एकासना करा असे त्या कुणाला म्हणत नाहीत. पण काम झाल्यावर टेबल स्वतः पुसायचे आणि क्षणभर हात जोडायचे.

माझ्यापुरते एवढेच. बदनापूरहून मी रेल्वेने येतो. संध्याकाळची गाडी चुकली की पुढच्या गाडीला फार वेळ असतो. मी हे कधी बोललो नव्हतो. मला मुलगी झाली त्या आठवड्यात दवाखान्याच्या फलकावर फिजिओथेरपीची वेळ बदललेली दिसली, अर्धा तास आधी. विचारले तर ताई म्हणाल्या, "पेशंटच्या सोयीसाठी." एकाही पेशंटने तशी मागणी केलेली नव्हती.

सत्काराची कल्पना ताईंच्या कानावर घातली तेव्हा समितीतल्या कुणीतरी सहज विचारले, "ताई, आता काम थोडं कमी करणार का?"  त्याच सुमारास त्यांनी तर पुन्हा पुण्याची वाट धरली होती. ज्यांचा चेहरा जाऊन वर्षानुवर्षे लोटली, ज्यांच्या गालात जागवायला स्नायूच उरला नाही, त्यांच्यासाठी मांडीतला एक लहान स्नायू नसेसकट काढून गालात बसवतात. ही शस्त्रक्रिया आणखी अवघड. साठाव्या वर्षी ताई ती शिकत आहेत, आणि इम्रानभाईंना पुन्हा 'सर' म्हणत आहेत.

बदनापूरला स्टेशनजवळ शिवणकाम करणाऱ्या कुशावर्ताबाई माझ्या शेजारी राहतात. लग्नानंतर वर्षभरातच कानातल्या नागिणीने त्यांचा अर्धा चेहरा नेला. त्याला आता एकोणीस वर्षे झाली. तेव्हा आमच्याकडे कुणाला काही ठाऊक नव्हते. मागच्या महिन्यात ताईंनी त्यांना तपासले आणि सांगितले, "मी शिकतेय. पुढच्या वर्षी करू."

ताई, साठ वर्षे पुरी झाली म्हणून आम्ही आपला सन्मान करतो आहोत, पण आमचे लक्ष पुढच्या वर्षांवर आहे. आपली नजर अशीच निर्मळ राहो, हात असाच स्थिर राहो, आणि शंभरी गाठेपर्यंत आपल्याला औषधाची बाटली फक्त दुसऱ्यांसाठीच हाती घ्यावी लागो. माझ्या या मागण्याला शब्द कमी पडतात, म्हणून कुशावर्ताबाईंचे घेतो. मी हा लेख लिहितो आहे, हे कळल्यावर मशीन थांबवून त्या म्हणाल्या, "माहं बी एक लिवा त्याच्यात. म्हणावं, मॅडम, येळेवर जेवत जा, तब्येतीला जपा. मला अजून हसायचंय."